आपत्तीजी आणि चाकांवरचं घर

रमाकांत पोतनीसांना कचेरीत कुणी पोतनीस म्हणत नाही. सगळे त्यांना आपत्तीजी म्हणतात. झाशीच्या सरकारी कचेऱ्यांत कारभार चालतो हिंदीत, आणि त्या हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. तुम्ही घराचा नकाशा मंजुरीला घेऊन गेलात की हे गृहस्थ चष्मा कपाळावर सारणार, नकाशा सुलटा धरून बघणार, मग उलटा धरून बघणार, आणि लाल शाईनं कोपऱ्यात लिहिणार, ‘आपत्ति’. जिना अरुंद आहे, आपत्ति. जिना रुंद आहे, आपत्ति. जिनाच नाही? मग वर कसं जाणार, आपत्ति! लाच म्हणाल तर खात नाहीत. लोक म्हणतात, खात असते तर बरं झालं असतं, निदान काम तरी झालं असतं.

एकदा कचेरीतला शिपाई घरी आला आणि दारातून ओरडला, “आपत्तीजी हैं क्या?” शारदाबाई आतून म्हणाल्या, “आहे ना भैया. चाय पिऊन राहिली आहे आपत्ती.” नवऱ्याला इतकं नेमकं ओळखणारी बायको नशिबानंच मिळते.

पोतनीसांचे मूळ पुरुष देशावरून गुरसरायला आले, तिथल्या मराठी जहागिरीची तिजोरी सांभाळायला. पुढे रमाकांतजींचे पणजोबा गुरसराय सोडून झाशीला आले. अंतर केवढं, तर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. पण त्या घरात अजून “आम्ही गुरसराय सोडलं तेव्हा...” असं म्हटलं की सगळे उसासे सोडतात, जणू वनवासाचीच गोष्ट निघाली. त्यानंतर पोतनीस जे बसले ते बसले. रमाकांतजींची नोकरी बदलीची नाही. कचेरीतली खुर्ची तीच, पंखा तोच, पंख्याची कुरकुरही तीच. गेल्या दिवाळीत शारदाबाईंनी चुन्याचा हात द्यायचा म्हणून त्यांची खाट या भिंतीकडून त्या भिंतीला लावली, तर बुवांना घेरीच आली. डॉक्टर येऊन गेला. खाट पुन्हा होती तिथे गेली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तर अशा या माणसाच्या टेबलावर एक दिवस वरून हुकूम येऊन पडला. जिल्ह्यात ‘चक्रयुक्त लघु आवास’ यांच्यासाठी बांधकामाची मानकं तयार करावीत. चक्रयुक्त लघु आवास म्हणजे काय, हे कळायलाच कचेरीला आठवडा लागला. शेवटी कुणाच्या तरी पुतणीनं मोबाइलवर फोटो दाखवला. चाकांवरचं एवढंसं घर होतं ते. आत पलंग, ओटा, मोरी, सगळं काही, आणि खाली टायर.

“हे भगवान,” कचेरीचे मुख्य खरे साहेब म्हणाले. खरे या नावावर जाऊ नका हं. ते बुंदेलखंडातले कायस्थ, मराठीचा त्यांना गंध नाही. साहेब रुजू झाले त्या दिवशी रमाकांतजी आनंदानं धावत गेले होते, “आपण मूळचे कुठले?” म्हणून, आणि तोंड पाडून परतले होते. साहेबांनी कपाळाला हात लावला नि समिती नेमली. आमच्याकडे डोकं दुखलं तरी समिती नेमतात. समितीत बांधकामाचे लोक, गाड्यांच्या नोंदणीचे एक अधिकारी, आगीच्या बंबाचे एक, विजेचे एक, आणि लिहायला अर्थातच आपत्तीजी.

आता नवा नियम आमच्याकडे कुणी नव्यानं लिहीत नाही. जुन्या नियमाची फाइल काढायची, एक शब्द खोडायचा, त्या जागी दुसरा घालायचा, झालं. रमाकांतजींनी बहुमजली इमारतींची नियमावली घेतली, ‘भवन’ काढलं, ‘चक्रयुक्त लघु आवास’ घातलं. कॉम्प्युटरनं डोळ्याचं पातं लवायच्या आत काम केलं. पहिल्या बैठकीत मसुदा वाचायला घेतला तो असा: प्रत्येक चक्रयुक्त लघु आवासाचा पाया कठीण मुरूम लागेपर्यंत खणावा. दोन चक्रयुक्त लघु आवासांमधलं अंतर पुढे कधीही कमी होऊ देऊ नये. प्रत्येक चक्रयुक्त लघु आवासात एक मोटार उभी करण्याची सोय असावी.

“म्हणजे गाडीच्या आत गाडी?” नोंदणीवाल्यांनी विचारलं.

“गाडी कशी? घर आहे ते,” बांधकामवाले म्हणाले.

“टायर आहेत की नाहीत? मग गाडी. गाडीला पुढे दिवे पाहिजेत, मागे लाल दिवा पाहिजे, हॉर्न पाहिजे.”

“घराला हॉर्न?”

“वाजवतं कोण, ते नंतर बघू. आधी हॉर्न पाहिजे.”

मग जे सुरू झालं ते विचारू नका. आगीचे अधिकारी म्हणाले, दोन जिने हवेत. घराला मजलाच नाही म्हटलं, तर म्हणाले, नियम जिन्याचा आहे, मजल्याचा नाही. विजेच्या अधिकाऱ्यांना काळजी पडली की घर गेलं आणि मीटर खांबावर राहिला तर काय. एका बुजुर्ग सदस्यांनी वास्तुशास्त्र काढलं. स्वयंपाक आग्नेयेला हवा, पण हेच घर इलाइट चौराह्यावर वळलं की चूल जाणार वायव्येला, मग गृहिणीनं काय करायचं? कुणी तरी अगदी गंभीरपणे विचारलं की घर चालू असताना कुकरची शिट्टी झाली तर ती हॉर्नमध्ये धरायची का. रमाकांतजींनी हे सगळं इमानेइतबारे लिहून घेतलं. गंमत म्हणजे त्या खोलीतल्या एकानंही असलं घर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

शोध घेता जिल्ह्यात असं एकच घर सापडलं. सीपरी बाज़ारच्या पलीकडे, एका वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर. मालक, उत्तम शेवाळे, फौजेतले निवृत्त हवालदार. सातारा जिल्ह्यातले, शेवटची नेमणूक जवळच्याच बबीना छावणीत.

“चला, पाहून येऊ,” खरे साहेब म्हणाले. “नियम झाले की पहिला निकाल याच घराचा लावायचा. बसलं तर ठेवू, नाही बसलं तर उचलू.”

दोन जीप निघाल्या, सीपरी बाज़ारच्या ऑटो-स्कूटरच्या गर्दीत अडकल्या, आणि घामाघूम समिती प्लॉटवर उतरली. समोर एका जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर उभं असलेलं निळं घर. पत्र्याच्या भिंती, आतून प्लायवूड, खिडकीला नीट बसलेले फुलाफुलांचे पडदे, चाकांच्या मागेपुढे विटा लावलेल्या. दाराशी फौजेतली एक काळी ट्रंक, झाकण काढलेली, तोंडापर्यंत माती भरलेली, आणि त्या मातीत तुळस. तुळस म्हणजे अशी डेरेदार की बघत राहावं. ट्रंकेच्या अंगावर पांढऱ्या रंगातलं नाव अर्धंमुर्धं पुसत आलेलं.

उत्तमराव ताठ उभे राहिले. त्यांच्या मागून हौसाबाई आल्या, नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. हिंदीत म्हणाल्या, “एक-एक करके अंदर आओ साहब. सब एक बाजू आया तो घर टेढ़ा होगा.”

समिती घाबरून दारातच थांबली. आत गेले फक्त आपत्तीजी, टेप घेऊन. वाकून मापं घेता घेता त्यांनी ऐकलं, हौसाबाई नवऱ्याला सांगताहेत, “आवं, ह्या चष्मेवाल्याला च्या द्या आधी. उपाशी दिसतोय बिचारा.”

रमाकांतजी सरळ झाले, डोकं छताला आपटलं. “मी मराठी समजून राहिलो आहे, बाई.”

“अगं बया! मराठी हाय व्हय तुमी? मग अशी हिंदीवानी का बोलताय?”

पोतनीसांच्या घराण्याला इतकं कुणी कधी लावून बोललं नव्हतं. “आमची मराठी पेशव्यांच्या वेळची आहे,” ते जरा घुश्शातच म्हणाले.

“तरीच कळंना,” हौसाबाई म्हणाल्या आणि इतक्या मोकळ्या हसल्या की रमाकांतजींनाही हसूच आलं. बाहेर समिती उन्हात उभी होती. आत चहा झाला, वर गुळपोळीचा तुकडा आला, आणि झाशीत घराबाहेर मराठी बोलायला मिळाली की पोतनीसांचं जे होतं ते झालं. काम विसरून ते बसले.

हौसाबाई बारा गावचं पाणी प्यायलेल्या, आणि तेही खरोखरचं. पठाणकोट, जोधपूर, तेजपूर, मग बबीना. “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसलं आमचं. पडदं शिवावंत, खिडकीला बसावंत, तवर कागूद यायचा, बदली. नव्या खिडकीला पडदं आखूड. तुळस लावावी तर मंजिऱ्या धरायच्या आत क्वार्टर खाली करा. गॅस शेवटी बांधायचा आन् देव त्याच्याबी मागनं, सगळं पाठ झाल्यालं. गावाकडं जावं म्हनलं तर दिरांनी घर वाटून घेतलं, आमची खोलीबी त्यात गेली. हितं ह्यास्नी ह्या वर्कशॉपात काम मिळालं. मालक म्हनला, ऱ्हावा हितं, पन पाया घालू नका. मग ह्यांनी चाकं लावली.”

“छान. म्हणजे कुठेही नेता येतं,” रमाकांतजी म्हणाले.

“न्यायचं कशाला? चाकं हाईत म्हनून कुनी आमाला हलवत न्हाई, त्यासाठी चाकं.” त्यांनी दारातून ट्रंकेकडे बोट केलं. “ह्याच ट्रंकेत भरून जलमभर हिंडले मी. हितं आले आन् मुद्दाम माती भरली तिच्यात. म्हनलं, आता उचल कशी उचलतीस ती! भाऊ, तुमी लिवनार हाय न्हवं ते नेम? कायबी लिवा. पन म्हातारपनी पुन्हा कुनी मला जागा खाली करा म्हनू नये, येवढं बगा.”

“शब्द दिला,” रमाकांतजी म्हणाले. तीस वर्षांत कचेरीच्या कामात त्यांनी कुणाला शब्द असा दिला नव्हता. आपण काय बोलून बसलो हे त्यांना जीपमध्ये बसल्यावर कळलं, आणि वाईट मुळीच वाटलं नाही.

पुढच्या बैठकीत घोडं अडलं. बांधकामवाले म्हणाले, ते घर आहे, परवान्याशिवाय बांधलेलं, उद्या पाडा. नोंदणीवाले म्हणाले, ती गाडी आहे, आणि गाडीत मुक्काम करता येत नाही, बाईला उतरवा. दोघांचं भांडण कडाक्याचं, पण हौसाबाईंना बेघर करण्यावर मात्र अगदी एकमत. खरे साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

तेव्हा आपत्तीजी उठले. ज्यानं आजवर नुसत्या हरकती काढल्या त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तोड काढली. “सर, हे घरही नाही आणि गाडीही नाही. तिसरंच काही आहे. जे दर सहा महिन्यांनी जागा बदलतं त्याला पक्कं बांधकाम म्हणता येणार नाही, म्हणजे बांधकामाचा नियम गेला. आणि जे मधले सहा महिने एका जागी उभं असतं त्याला रस्त्यावरची गाडी म्हणता येणार नाही, म्हणजे नोंदणीही गेली. एक कलम घालू. दर सहा महिन्यांनी स्थान बदलावं, आमच्या माणसानं पंचनामा करावा. बस.”

एकेक करत सगळ्यांचे चेहरे उजळले. याचा अर्थ असा होत होता की त्या घराचं काम कुणाच्याच खात्याकडे येणार नव्हतं! इतका सुंदर नियम समितीनं कधी ऐकला नव्हता. लांबी, रुंदी, उंची, खिडकीचा आकार, हे सगळं रमाकांतजींनी हौसाबाईंच्या घरावरूनच उतरवलं होतं. आगीच्या अधिकाऱ्यांची समजूत म्हणून दोन जिन्यांऐवजी दोन वाळूच्या बादल्या घातल्या. मसुदा मंजूर झाला, वर गेला, आणि आश्चर्य म्हणजे सही होऊन परतही आला. खरे साहेबांनी सगळ्यांदेखत रमाकांतजींच्या पाठीवर थाप मारली. समिती विसर्जित झाली, समोसे आले.

रमाकांतजींना आभाळ ठेंगणं झालं. रस्त्यात मिठाई घेतली आणि ऑटो करून थेट प्लॉटवर. “हौसाबाई, तुमचं घर पास! जिल्ह्यातलं पहिलं नियमात बसलेलं घर. आता कुणी पाडू शकत नाही, कुणी उचलू शकत नाही.”

हौसाबाईंनी आधी देवांपुढे हात जोडले, मग यांच्यापुढे जोडले. डोळ्यांना पदर लावला. उत्तमरावांनी खुर्ची पुसून पुढे केली. रमाकांतजींनी एकेक कलम मराठीत करून सांगितलं, आणि स्वतः सुचवलेलं कलम मुद्दाम शेवटी ठेवलं, लोणचं राखून ठेवतात तसं.

“आणि दर सहा महिन्यांनी फक्त जागा बदलायची. तेवढंच!”

हौसाबाईंचा पदर डोळ्यांवरून खाली आला. “बदलायची?”

“हो, इथून तिथे. चाकं आहेतच की. मजा आहे, बाई! कधी सदर बाज़ारकडे, कधी बबीनाच्या रस्त्याला. हवापालट.”

पुढ्यातली मिठाई हौसाबाईंनी झाकून ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “भाऊ, म्हंजी तुमी माझी बदलीच काढली की.”

रमाकांतजी हसले. त्यांना वाटलं, बाई चेष्टा करते आहे.

घरी येऊन त्यांनी शारदाबाईंना सगळं खुशीत सांगितलं, ते बदलीचं वाक्यही सांगितलं, नि वर म्हणाले, “मी म्हटलं, मजेदार बाई आहे.”

शारदाबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला केली. त्या चिडल्या की शुद्ध मराठीत बोलतात, घरात सगळ्यांना माहीत आहे. “काय हो, तुम्हाला काही लाज? तुमची खाट या भिंतीची त्या भिंतीला केली तर डॉक्टर बोलवावा लागला. गुरसराय सोडल्याचं तुमच्या घरातलं रडं अजून सरलेलं नाही, आणि ते सोडताना तुम्ही कुणी जन्मलेही नव्हता! आणि त्या बाईनं एकच मागितलं होतं, जागा खाली करा म्हणू नये. तेवढंच तुम्ही कायद्यात लिहून आलात, वर मिठाई घेऊन गेलात? घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. तुम्ही तर वाशांसकट घर फिरवायला निघालात.”

रमाकांतजी जे बसले ते उठेनात. दर सहा महिन्यांनी. आपण हे लिहिलं तेव्हा डोळ्यांपुढे काय होतं? चाकांचं चित्र होतं. जत्रा होती, सहल होती. जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या एका जागी बसला आहे त्यालाच हलण्याची गंमत वाटते. ज्या बाईनं आयुष्य बांधाबांधीत घालवलं तिला कसली गंमत? त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ते खरे साहेबांकडे गेले. “सर, त्या कलमावर माझी आपत्ति आहे.”

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “आपत्तीजी, वो तो आप ही ने लिखा है!”

“म्हणूनच, सर.”

“देखिए, समिती नाही. समिती बोलवायला समिती लागेल. आणि सबको इतना पसंद आया है. दोन जिल्ह्यांतून नक्कल मागितली आहे.” साहेबांनी प्रेमानं समजावलं. “एका म्हातारीसाठी एवढा चांगला नियम मोडायचा का?”

मग मात्र रमाकांतजी इरेला पेटले. लाल शाईचं पेन घेऊन स्वतःचीच नियमावली पुढे ओढली, चष्मा कपाळावर सारला, सुलटी धरून वाचली, उलटी धरून वाचली. दुसऱ्याच्या नकाशात मुंगी शिरायची जागा शोधणारा माणूस तो, स्वतःच्या कागदात फट सापडत नाही म्हणजे काय? आणि दुपारी उडीच मारली त्यांनी खुर्चीतून. स्थान बदलावं, असं लिहिलं होतं. किती बदलावं, हे कुठेच लिहिलं नव्हतं! अशी ढोबळ चूक दुसऱ्या कुणी केली असती तर त्याची सालटी काढली असती त्यांनी. आज स्वतःलाच शाबासकी दिली. नियमाला धक्का न लावता शब्द पाळता येणार होता. पंचनामा करणारा माणूस कोण? तेच. त्यांनी ते उत्तमरावांना फोनवर सांगितलं नाही. प्रत्यक्षच दाखवू, म्हणाले मनाशी. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर पोतनीसांचा मुळातच विश्वास नाही.

सहा महिने भरले त्या सकाळी ते प्लॉटवर पोचले, एका हातात खडू, दुसऱ्या हातात पंचनाम्याचा कागद. आणि दारातच थबकले.

घरातलं सगळं बांधून तयार होतं. पडदे काढून घडी करून ठेवलेले. भांडी जुन्या चादरीत गुंडाळून गाठी मारलेल्या, डबे सुतळीनं बांधलेले, पलंग भिंतीला दुमडून दोरी लावलेली. देव तेवढे जागेवर होते, त्यांचा नंबर शेवटी. हौसाबाईंनी पदर खोचला होता आणि हात चालू होते, न बघता, न थांबता. अशी बांधाबांध रमाकांतजींनी जन्मात पाहिली नव्हती. उत्तमराव कोपऱ्यात विडी ओढत होते. त्यांच्या शेजारी जमिनीवर मातीचा ढीग पडला होता.

“काय गं... म्हणजे, काय हे हौसाबाई? काही बांधायला नको होतं!” रमाकांतजी ओरडलेच. “तुम्ही फक्त बघा. उत्तमराव, विटा काढा.”

वर्कशॉपातली चार माणसं बोलावली. रमाकांतजींनी चाकापाशी खडूनं रेघ ओढली, मग स्वतः कोट काढून पत्र्याच्या भिंतीला खांदा लावला. पोतनीसांच्या कुळात गुरसरायनंतर कुणी काही हलवलं असेल तर ते हे. “ज़ोर लगा के!” घर करकरलं, डुललं, आणि एक हात पुढे सरकलं.

“बस!” रमाकांतजी धापा टाकत म्हणाले. “झालं. स्थान बदललं. विटा लावा.” त्यांनी तिथल्या तिथे पंचनामा लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला नि सही ठोकली. “आता सहा महिन्यांनी एक हात मागे. पुढच्या सहा महिन्यांनी एक हात पुढे. कायदा खुश, तुम्ही इथेच. सांगा, शब्द पाळला की नाही?”

वर्कशॉपातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. उत्तमरावांनी कडक सॅल्यूट मारला. हौसाबाईसुद्धा हसल्या. “पाळलात भाऊ. देव तुमचं भलं करो,” असं म्हणाल्या, आणि ते मनापासून म्हणाल्या. चादरीची गाठ सोडून त्यांनी चहाचं पातेलं काढलं. रमाकांतजींचा आनंद तर मावेना. नियमात राहून माणसाचं भलं करता येतं, हे या वयात कळावं!

चहा पिता पिता त्यांचं लक्ष गेलं. तुळस दिसत नव्हती. शोधता शोधता दिसली, दाराच्या आत, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली. इतकी मोठी तुळस, फांद्या छाटून छाटून त्या डब्याएवढी केलेली. डब्याला वरून तारेची कडी.

“अहो, हिला परत ट्रंकेत लावा ना,” रमाकांतजी म्हणाले. “माती आहेच इथे. आता कुठे जायचं नाही तुम्हाला. आज पाहिलंत ना?”

“पायलं की,” हौसाबाई म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या, भाऊ. आज तुमी हाय. उद्या दुसरा कुनी यील, त्याचा हात केवडा लांब असंल कुनी सांगावं? डब्याला कडी हाय. उचलाय बरं पडतं.”

रमाकांतजी बाहेर आले. काळी ट्रंक घराच्या मागे उन्हात वाळत ठेवली होती. घासून पुसून लख्ख केलेली, आत मातीचा कण नाही, झाकण परत बसवलेलं. अंगावर हवालदार उत्तम शेवाळे असं तेच नाव आणि खाली त्यांचा फौजेतला नंबर, पांढऱ्या रंगात नव्यानं काढलेला. रमाकांतजींनी नकळत हात पुढे केला.

“हात लावू नका, भाऊ,” हौसाबाई दारातून म्हणाल्या. “रंग वला हाय अजून.”